फिकी रेघ

श्रावणाआधी तांबळडेगच्या वाळूत
गोणपाटात शिवलेली पाकिटं लागली.
पोलीस आले, पंचनामा झाला,
पाकिटं जीपमधून गेली.
तीन महिन्यांनी आमच्या दवाखान्यात हुकूम आला:
निराधारांचे पैसे सोडण्यापूर्वी
लाभार्थ्यांची लघवी तपासावी.
खाली कुणीतरी पेनने वाढवलेलं,
कर्मचाऱ्यांचीही.

टाकलं समुद्राने,
जाब किनाऱ्यावरच्यांना.

मी प्रणिता राऊळ, लॅब टेक्निशियन,
करार अकरा महिन्यांचा, हा दहावा.
माझ्याकडे दीडशे बाटल्या, दीडशे पट्ट्या, एक रजिस्टर.
पट्टीचा नियम उफराटा आहे.
दोन रेघा उमटल्या तर माणूस स्वच्छ,
एकच उमटली तर दोषी.
बायकांना दोन रेघांची दुसरीच बातमी ठाऊक.
"दोन इल्यो गो बाय!" सत्तरीची सुलोचना धुरी ओरडली,
"आता बारसो करूक व्हयो!"
अख्खी रांग हसली. मीही.

इब्राहिम सोलकरांचा पाय ट्रॉलरच्या रहाटात गेला.
कुबडी दाराला टेकवून आत गेले,
बाटली लुंगीला पुसून टेबलावर ठेवली.
"पंधराशे रुपयांत कुठली नशा बसते,
तेवढं लिहून द्या ताई,
मीही करून बघतो."

पाटणे, तहसीलचे अव्वल कारकून,
मोबाईलवर बोलत आले, बोलत गेले.
त्यांची बाटली हाताला गार लागली.
लघवी गार निघत नाही कुणाची.
मी काही विचारलं नाही.
नळाच्या पाण्याला कसली आली नशा?
दोन ठळक रेघा.

अँब्युलन्सच्या गुरवाची पट्टी मात्र
मी दोनदा लावली, आणि मला लाज वाटली नाही.
त्याच्या गाडीतून माझी आई
रात्री अडीचला कणकवलीला गेली होती,
घाटीच्या प्रत्येक वळणावर
मी त्याचे डोळे आरशात बघत होते.
तेव्हा मला कुणी विचारू नये
की तपासणी असावी की नसावी.
मला एक उत्तर येत नाही.

शेवंती कोयंडे शेवटी आली.
कोळंबी सोलून सोलून तिच्या अंगठ्याच्या रेषा गेल्यात;
यंत्र तिला दरवर्षी ओळखत नाही,
दरवर्षी ती हयातीचा दाखला आणते
की मी जिवंत आहे.
आता ही बाटली.
"माझी जाता कशी ता बगूक
इतको खर्च कित्याक, बाय?"

पट्टीवर एकच रेघ.

मी थांबले. पाच मिनिटं, दहा.
मग रजिस्टरची मागची पानं उलटली:
कोयंडे शेवंती, खोकला, तीन आठवडे,
खोकल्याचं औषध, बाटल्या दोन.
आमच्याच खिडकीतून दिलेल्या,
आमच्याच शिक्क्याने.
त्या औषधात काय असतं ते मला माहीत आहे.
तिला माहीत नाही. तिला फक्त
रात्री झोप लागली एवढं माहीत आहे.

हुकुमात खोकल्यासाठी रकाना नाही.
रकाने दोनच, होय आणि नाही,
आणि शेरा, बोटभर रुंद.
दारिद्र्याच्या रेघेखाली आहे
म्हणून जिला पैसे मिळतात
तिचे पैसे आता
एका न उमटलेल्या रेघेपायी थांबणार.

किटमधला कागद मी पुन्हा वाचला.
बारीक अक्षरांत, सातव्या ओळीत:
रेघ कितीही फिकी असली
तरी ती रेघच धरावी.

पट्टी घेऊन खिडकीशी गेले.
बाहेर सुरूची झाडं, पलीकडे उन्हात पांढरं पडलेलं पाणी.
पट्टी तिरकी धरली. सरळ धरली.
डोळे बारीक केले,
आई सुईत दोरा ओवताना करायची तसे.

शेवंती बाकावर बसून होती,
टोपलीवर ओलं फडकं,
संध्याकाळचा बाजार चुकेल म्हणून घाईत.
"दिसता काय गो?" तिने विचारलं.

दिसली, म्हटलं.

मग माझी स्वतःची बाटली घेऊन
मी आत गेले.